ओल्या मीटर रूममधून कामगार मंत्र्यांना खुले पत्र

मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय, सादर नमस्कार.

मी ऊर्जा लेखापरीक्षक आहे. एवढं सांगितलं की सोसायटीचे सेक्रेटरी कपाटातून जमाखर्चाच्या फायली काढू लागतात. मग समजावावं लागतं, की काका, मला हिशोब नकोत, मीटर रूमची किल्ली हवी. घरात आणि इमारतीत वीज कुठे वाया जाते ते शोधायचं, हे माझं काम. चाळीत मला ‘लाइटबिलवाल्या ताई’ म्हणतात. त्यात कळतं तरी.

वायरमन काम सुरू करण्याआधी मेन स्विच बंद करतो. आम्हाला तसं करून चालत नाही. करंट वाहत नसेल तर टाँग टेस्टर, म्हणजे वायरीला चिमट्यासारखं लावून करंट मोजायचं यंत्र, काही दाखवत नाही, आणि सैल जॉइंट तापल्याशिवाय थर्मल कॅमेऱ्यात उमटत नाही. त्यामुळे डीबीचं, म्हणजे वीज वाटून देणाऱ्या स्विचच्या डब्याचं, झाकण आम्ही उघडतो ते चालू लाइटवर. घरात २३० व्होल्ट. इमारतीच्या पॅनेलपाशी दोन फेजांच्या मध्ये ४०० च्या आसपास. शिवाय मागून सूचना येतेच, ‘लाइट घालवू नका हं, लिफ्टमध्ये कुणीतरी असेल.’

आता ही पॅनेल मुंबईत असतात कुठे, तर जिन्याखाली. जिथे बाकी काही ठेवायला जागा उरत नाही तिथे. मी मीटर रूममध्ये गणपतीच्या मखराचं थर्माकोल पाहिलं आहे, रंगाचे डबे, तुटक्या सायकली, एकदा तर लग्नाच्या पत्रिकांचे दोन गठ्ठे. जुन्या इमारतीत फ्यूज उडू नये म्हणून त्यात जाड तांब्याची तार पिळलेली असते. ज्याने ती पिळली त्याला वाटतं आपण लाइट जाण्याचा त्रास मिटवला. खरं तर त्याने वायर जळण्याआधी करंट तोडणारी एकमेव गोष्ट काढून टाकलेली असते.

गेल्या जुलैत गिरगावातल्या एका तीन मजली इमारतीत गेले होते. मीटरच्या भिंतीला ओल धरलेली, लादीवर पाणी. तिथल्या एका आजोबांनी मायेने घरातून जेवणाचा पाट आणून दिला. म्हणाले, ‘पोरी, यावर उभी राहा, लाकडाला करंट लागत नाही.’ कोरड्या लाकडापुरतं ते ठीक, पण पाट पाच मिनिटांत खालून भिजला. मला ते दिसत होतं. तरी मी झाकण उघडलं. आतली एक वायर निसटून पत्र्याला टेकली, डोळ्यांसमोर निळा-पांढरा लोळ उठला आणि मी मागे भिंतीवर आदळले. उजवा हात मनगटापर्यंत भाजला, भुवया जळाल्या. हातात साधे रबरी मोजेसुद्धा नव्हते. ते ‘येतील’ असं मला दीड वर्ष सांगितलं जात होतं.

ज्या कंत्राटदाराने मला पाठवलं होतं, त्याला मी दवाखान्यातून फोन केला. उत्तर मिळालं, ‘मॅडम, तुम्ही आमच्या कर्मचारी नाही, कन्सल्टंट आहात.’ खर्च घरूनच झाला. आणि रिपोर्ट गेला नाही म्हणून त्या व्हिजिटचे ७०० रुपयेही बुडाले.

हे पत्र खरं तर त्या ७०० रुपयांसाठी आहे. रकमेसाठी नव्हे, त्यामागच्या रीतीसाठी. पाट भिजताना दिसत असूनही मी झाकण का उघडलं? परत फिरले असते तर दिवस फुकट गेला असता म्हणून. आम्हाला रिपोर्टमागे पैसे मिळतात. धोका ओळखून काम न करणाऱ्याला शून्य आणि डोळेझाक करून करणाऱ्याला पूर्ण, असा हिशोब असल्यावर हेल्मेट वाटून काय होणार? (हेल्मेट मिळालं आहे. त्यावर कंपनीचं नाव मात्र मोठ्ठं आहे.)

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नवी व्यावसायिक सुरक्षा संहिता लागू झाली. मी ती वाचली. तिच्यात ‘आस्थापना’ धरायला साधारणपणे १० कामगार लागतात. आमच्या कंत्राटदाराकडे आम्ही चौघं, आणि कागदावर तर एकही नाही. जिवाला धोका वाटला तर ते मालकाच्या नजरेस आणून देण्याचा हक्क त्या संहितेत आहे, चांगलाच आहे. पण ज्याला मालकच नाही त्याने कुणाच्या नजरेस आणायचं? आणि जागा तर परक्याची, कधी सोसायटीची, कधी एखाद्याचं बाथरूम, जिथे गीझरला अर्थिंगच नाही.

महोदय, ‘घर हे कामाचं ठिकाण कसं धरायचं’ असं आपले अधिकारी विचारतील. याचं उत्तर आपल्याच देशाच्या कायद्यात आहे. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा बघा. त्यात कामानिमित्त भेट दिलेली जागा हे कामाचं ठिकाण आहे, राहतं घरही आहे. आणि जिथे १० पेक्षा कमी माणसं आहेत तिथल्या बायकांनी तक्रार कुठे करायची, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. म्हणजे परक्याचं घर आणि लहान मालक, या दोन्ही अडचणी तिथे सोडवलेल्या आहेत. एकट्या पुरुषाच्या घरात मी शिरले आणि त्याने आतून कडी घातली, तर मी कामाच्या ठिकाणी असते. त्याच घरात वॉशिंग मशीनच्या पत्र्याने मला झटका दिला, तर मी कुठेच नसते.

हे काम आता वाढत जाणार. घराच्या छतावर सोलर बसवण्याची पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, एक कोटी घरांचं उद्दिष्ट घेऊन. तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. अनुदानाआधी कुणीतरी गच्चीवर चढून पाहणी करतंच. मुंबईत गच्ची म्हणजे कठडा गुडघ्याएवढा आणि टाकीच्या खोलीवर शेवाळलेले सिमेंटचे पत्रे, जे वरून दगडासारखे दिसतात आणि पायाखाली पापडासारखे मोडतात. आधीचं सोलर पॅनेल असेल तर आणखी वेगळंच: मेन स्विच पाडला तरी ऊन आहे तोवर पॅनेलकडून येणाऱ्या वायरी जिवंतच असतात.

मागणं मोठं नाही. राज्य सरकार, महापालिका किंवा महाऊर्जा (राज्याची ऊर्जा विकास संस्था) ज्या ज्या कामात घर-तपासणीसाठी पैसे देते, त्याच्या टेंडरमध्ये एक अट घाला: धोका दिसला म्हणून फोटो काढून परत फिरलेल्या माणसाला त्या व्हिजिटचे पूर्ण पैसे मिळतील. मीटर रूम आणि गच्चीवर एकट्याला पाठवायचं नाही. भाजलं, पडलं तर विमा पाठवणाऱ्याने काढलेला असावा, मग कागदावर आम्हाला कन्सल्टंट म्हणा नाहीतर आणखी काही. दोन माणसांनी खर्च वाढेल असं कंत्राटदार म्हणतील. वाढेलच. प्रत्येक फ्लॅटला दोघं नकोत, पण पॅनेल उघडताना मेन स्विचपाशी हात ठेवून उभं राहणारं कुणीतरी हवंच.

खाजगी कामांचं काय, ते मला अजून नीट सुचलेलं नाही. सुरुवात सरकारी पैशापासून झाली तर बाकीच्यांना निदान दाखवायला एक कागद मिळेल.

सोमवारी मला कुर्ल्याला जायचं आहे. सेक्रेटरींचा फोन येऊन गेला. म्हणाले, मीटर रूम जरा ओली आहे, चप्पल घालून या.

आपली नम्र,
एक ऊर्जा लेखापरीक्षक
विक्रोळी, मुंबई