सणाच्या आठवडाभर आधीची बैठक पुरत नाही

माननीय संपादक,

गणपती, ईद किंवा शिवजयंती तोंडावर आली की ठाणे-नवी मुंबईतल्या पोलीस ठाण्यांत शांतता समितीची बैठक बोलावली जाते. मंडळांचे अध्यक्ष, मशिदीचे ट्रस्टी, दोन-चार माजी नगरसेवक येतात. मिरवणुकीचे मार्ग आणि वेळा ठरतात, फोटो निघतो. ही बैठक हवीच. पण तिथे बोलणे बंदोबस्ताचे होते, आणि एकमेकांविषयीचे गैरसमज मात्र वर्षभर साचत राहतात. ते दूर करायला वॉर्डावॉर्डात दरमहा बसणारा छोटा गट लागतो.

हे आपल्याच जिल्ह्यात करून झाले आहे. भिवंडीत १९७० आणि १९८४ मध्ये भीषण दंगली झाल्या. त्यानंतर १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांत भर पुढाऱ्यांवर नव्हता, त्याच वस्तीत राहणाऱ्या साध्या हिंदू-मुस्लिम रहिवाशांवर होता. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली.

ओळख असली की काय सुटते, ते २०२३ मध्ये दिसले. २९ जूनला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. कुर्बानी तीन दिवसांत कधीही करता येते, म्हणून अनेक गावांतल्या मुस्लिमांनी ती एकादशीच्या दिवशी केली नाही. २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकत्र आले. विसर्जनाची तिथी हलत नाही, जुलूस हलू शकतो. अनेक शहरांत तो दुसऱ्या दिवशी निघाला आणि राज्य सरकारने सुटीही २९ तारखेला नेली. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे असे योग पुन्हा येणारच. दुसऱ्याच्या धर्मात काय हलवता येते आणि काय नाही, हे आधी ठाऊक असेल तरच वाट निघते. मात्र दरवेळी एकाच बाजूने सरकायचे, हे न्यायाचे नाही. रमजानात रात्रीच्या तरावीहच्या नमाजावेळी मशिदीसमोरचा डीजे बंद ठेवणे किंवा गुड फ्रायडेच्या दुपारी चर्चसमोरून वाजतगाजत न जाणे, हेही त्याच बैठकीत ठरले पाहिजे.

गट बारा ते सोळा जणांचा असावा. त्याहून मोठा झाला की तीन-चार जणच बोलतात. निम्म्या स्त्रिया हव्यात, कारण शेजारच्या घराशी रोजचा संबंध त्यांचाच येतो. जागा महापालिकेच्या शाळेचा वर्ग; देवळात किंवा मशिदीत पाऊल टाकायला काही जण कचरतात आणि पहिल्याच बैठकीला त्यांना गमावण्यात अर्थ नाही. शुक्रवारची दुपार, रविवारची सकाळ आणि रमजानातली संध्याकाळ टाळावी. खाणे असेल तर शाकाहारी, कांदा-लसूण-बटाट्यासारखी कंदमुळे नसलेले आणि सूर्यास्तापूर्वी, म्हणजे जैन शेजारीही बसतील. सूत्रसंचालन दोन वेगवेगळ्या समाजांच्या व्यक्तींनी मिळून करावे. नियम तीनच पुरेत: स्वतःवर आलेला प्रसंग सांगायचा, समोरच्याला त्याच्या अख्ख्या समाजाचा जाब विचारायचा नाही, मोबाइलवर चित्रण करायचे नाही. चित्रण सुरू झाले की माणसे एकमेकांशी न बोलता आपापल्या लोकांसाठी बोलू लागतात.

असे गट बिघडतात ते बहुतेक दोन रीतींनी. पहिल्याच बैठकीत फाळणी किंवा गोहत्येचा विषय निघतो आणि दुसऱ्या बैठकीला अर्धी माणसे येत नाहीत. किंवा याच्या उलट: गटार, पार्किंग, पाणी यांतच वर्ष निघून जाते आणि अवघड विषयाला कोणी हातच घालत नाही. हा दुसरा धोका मला मोठा वाटतो, कारण तो यशासारखा दिसतो. एकत्र काम करून विश्वास बसतो हे खरे, पण चौथ्या बैठकीपर्यंत एक बोचरा प्रश्न पटलावर आलाच पाहिजे.

घर हा तसा प्रश्न आहे. आडनाव ऐकून एजंट ‘सोसायटीत चालणार नाही’ म्हणतो, हे मुस्लिमांना आणि बौद्धांना सांगावे लागत नाही. १९९२-९३ नंतर ठाण्याजवळचा मुंब्रा वाढत गेला, तोही मोठ्या प्रमाणात भीतीने घर सोडलेल्या मुंबईच्या मुस्लिमांमुळे. राज्यघटनेचे कलम १५ शासनाला बांधते. खासगी घरमालकाला त्याने थेट अडवता येत नाही. पण गृहनिर्माण संस्थांच्या नमुना उपविधींनुसार सदनिका भाड्याने देताना संस्थेची पूर्वपरवानगी लागत नाही, फक्त कळवावे लागते. म्हणजे ‘कमिटी परवानगी देत नाही’ ही सबबच टिकत नाही. गटातल्या सोसायटी पदाधिकाऱ्यांनी हे आपापल्या सर्वसाधारण सभेत वाचून दाखवावे.

दुसरा बोचरा प्रश्न जातीचा, आणि सर्वधर्म व्यासपीठांवर तो नेमका गाळला जातो. व्यासपीठावर पुजारी, मौलाना आणि फादर बसले की सफाई कामगार वस्तीतले कोणी तिथे नसते. अनुसूचित जाती कोणत्या हे ठरवणाऱ्या १९५० च्या आदेशात आधी मुख्यतः हिंदूच होते. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आले. दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम आजही बाहेर आहेत. कळव्या-ऐरोलीतल्या गटात बौद्ध, दलित ख्रिस्ती आणि कुरेशी, अन्सारी यांसारख्या मुस्लिमांतल्या मागास जाती यांची माणसे नसतील, तर तो उच्चवर्णीयांचा आपसातला संवाद ठरेल.

अफवेच्या वेळी गटाची खरी कसोटी लागते. प्रत्येक समाजाचे दोन फोन क्रमांक आधीच ठरलेले असावेत. मेसेज आला की कुठे, कधी, कोणी पाहिले, हे त्या क्रमांकांवर विचारायचे आणि गरज असेल तर ११२ ला कळवायचे. खोडून काढण्यासाठीसुद्धा मूळ व्हिडिओ पुढे पाठवायचा नाही; खुलासा शब्दांतच लिहायचा. तेढ पसरवणाऱ्या खोट्या मजकुरासाठी भारतीय न्याय संहितेत कलम ३५३ आहे, हेही तरुणांना सांगून ठेवावे.

ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांनी प्रत्येक प्रभागातल्या एका शाळेचा वर्ग महिन्यातून एक संध्याकाळ अशा गटाला विनाशुल्क द्यावा. दोन्ही पोलीस आयुक्तालयांनी त्या भागाच्या गस्तीचा (बीटचा) एकच अंमलदार वर्षभर त्याच गटाकडे ठेवावा आणि पहिली बैठक कुठलाही मोठा सण जवळ नसताना बोलवावी.

— एक वाचक, कळवा (ठाणे)