मोन्साल ट्रेलवरच्या त्या सगळ्यांना थँक्यू!

इंग्लंडमधल्या पीक डिस्ट्रिक्टमधे मोन्साल ट्रेलवर भेटलेल्या, नाव पण न सांगता गेलेल्या सगळ्यांचे मनापासून आभार! जुन्या रेल्वेलाईनवरचा साडेआठ मैलांचा रस्ता, चढ जवळपास नाहीच, २०११ मधे बोगदे उघडले म्हणून आईलाही सायकलवर नेता आलं. हेडस्टोन बोगद्याच्या तोंडाशी तिचा टायर पंक्चर झाला तर एक आजोबा आपणहून थांबले, स्वतःची स्पेअर ट्यूब घालून दिली आणि पैसे घ्यायलाच तयार नाहीत! मग पुलावर थांबवून खालची वाय नदी दाखवणाऱ्या काकू, बेकवेलला गेलात की पुडिंग खाच म्हणाल्या, खाल्लं, अप्रतिम. आणि पाऊस आल्यावर थर्मासमधला चहा देणारी ती फॅमिली, आई अजून सगळ्यांना तुमचंच सांगत असते, खूप खूप थँक्यू!