चि. सोनूस पत्र: तंत्रविद्यापीठात मानव्यविद्या शिकताना

सांगली

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं वेळापत्रक नीट वाचलं. पाच विषय, त्यातले दोन इंजिनिअरिंगच्या मुलांबरोबर, आणि लॅब एकही नाही. रिकाम्या दुपारी बघून बरं वाटलं असेल, पण घोळ तिथेच होतो. त्या मुलांची मेहनत वेळापत्रकात छापलेली असते: वर्कशॉप, प्रॅक्टिकल, जर्नल. तुझी मेहनत म्हणजे वाचन, आणि ते कुठेच छापलेलं नसतं, म्हणून ते रोज उद्यावर जातं. तीन क्रेडिटचा विषय म्हणजे आठवड्याला तीन तास वर्ग. वाचनाला त्याच्या दुप्पट वेळ धर. मंगळवार-गुरुवारची दुपार लायब्ररीच्या नावावर लिहून टाक आणि ती लॅबसारखीच पाळ.

दुसरी अडचण कॅलेंडरची. तिथलं सगळं क्विझ आणि मिडसेमभोवती, म्हणजे सत्राच्या मधल्या परीक्षेभोवती, बांधलेलं असतं. तुझे मोठे निबंध मात्र शेवटी जमा करायचे, आणि तिन्ही विषयांचे एकाच पंधरवड्यात अंगावर येतात. म्हणून उलटं मोजत ये. चौथ्या आठवड्यापर्यंत प्रश्न ठरलेला हवा. 'महापूर आणि माध्यमं' हा नुसता विषय झाला. 'पाण्याची पातळी सांगणारा संदेश वाचून नदीकाठची माणसं घर सोडतात का' हा प्रश्न झाला. सातव्या आठवड्यापर्यंत आठ-दहा लेखांची टिपणं, दहाव्यात पहिला खर्डा, मग चार दिवस तो बाजूला ठेवून पुन्हा लिहिणं. टिपण काढताना पान क्रमांक तिथल्या तिथे घाल आणि लेखकाचे शब्द जसेच्या तसे घेतले असतील तर त्याच क्षणी अवतरणचिन्हं दे. महिन्याभराने वहीतलं वाक्य आपलं की त्याचं हे ओळखू येत नाही, आणि न ठरवता चोरी होते. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांत प्रबंधाचं दुसऱ्याच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही, पुढे पायऱ्या चढत जातात आणि ६० टक्क्यांच्या वर नोंदणीच रद्द होते. पण टक्क्यांच्या भरवशावर लिहू नकोस. एक उचललेला परिच्छेद १० टक्क्यांच्या आत सहज बसतो, तरी तो उचललेलाच.

'तुमच्या विषयाचं इथे काय काम' असं कोणी विचारलं तर वाद घालत बसू नकोस. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठात पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला, मग तो रॉकेट बनवणारा का असेना, मानव्यविद्या, कला आणि समाजशास्त्रं यांतले आठ विषय करावेच लागतात, आणि लेखन-भाषणावर भर असलेले चार; त्या चारांतले काही या आठांतच मोजले जातात. आपल्याकडे एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेच्या, इंजिनिअरिंगसाठीच्या २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात १६० क्रेडिटपैकी १२ या विषयांना, व्यवस्थापन धरून, दिली आहेत. कमी आहेत असं माझं ठाम मत आहे, पण दार उघडं आहे.

त्या दारातून आत गेल्यावर काय करायचं, ते आपल्या कृष्णा नदीवरूनच सांगते. पावसाळ्यात इथे मोबाइलवर असा मजकूर फिरतो: 'कोयना धरणातून ५०,००० क्युसेक विसर्ग. नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.' यातला आकडा खोटा नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. ५०,००० क्युसेक म्हणजे सेकंदाला १४ लाख लिटर, आणि तसंच दिवसभर चाललं तर ४.३ टीएमसी (अब्ज घनफूट); धरणाची क्षमता सुमारे १०५ टीएमसी आहे. इंजिनिअरला एवढं पुरतं. सांगलीत नदीकाठच्या दत्तनगरमधल्या बाईला यातून काहीच कळत नाही. पाणी तिच्या गल्लीत कधी येणार? येणार तरी का? 'सतर्क राहावे' म्हणजे नेमकं काय करायचं, गॅस सिलिंडर वर चढवायचा की म्हातारीला घेऊन निघायचं?

आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ ला धोका पातळी हे सांगलीत पोरासोरांना पाठ आहे, २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेही. पण ते फूट नदीतल्या मोजपट्टीचे आहेत, रस्त्यावरच्या पाण्याचे नाहीत. मोजपट्टीवरच्या आकड्याला कोणत्या गल्लीत कुठवर पाणी, हा जोड माणसांच्या आठवणीत असतो किंवा सर्वेक्षणाच्या नकाशात. तो शोधून संदेशात आणणं हे तुझ्या विषयाचं काम.

सरावासाठी लिहून बघ. आकडे मी नमुन्यादाखल घातलेत: 'आज सायंकाळी ६ वाजता आयर्विन पुलाजवळ पाणी ३६ फूट. पहाटेपर्यंत ४० फुटांवर जाण्याची शक्यता. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर: अंधार पडायच्या आत घर सोडा. जनावरं आधी हलवा. औषधं, कागदपत्रं, चार्जर बरोबर घ्या. पुढचा संदेश रात्री ९ वाजता.' वेळ पहिल्या ओळीत, कारण हे मजकूर दोन दोन दिवस फिरत राहतात आणि शिळा कुठला ते कळत नाही. गल्ल्यांची नावं, कारण 'नदीकाठचे' म्हटलं की प्रत्येकाला वाटतं, आपण नव्हे, पुढचे. आणि पुढच्या संदेशाची वेळ, कारण मधल्या वेळात अफवा घुसतात. आता यातली 'पहाटेपर्यंत' आणि '४० फूट' ही दोन टोकं तुला इंजिनिअरकडूनच मिळतील. त्याला विचार: अंदाज किती तासांचा, किती चुकू शकतो, वाटेत दुसरं कुठलं पाणी मिळतं? हे विचारायला भीती वाटू नये म्हणून पहिल्याच वर्षी सांख्यिकी घे. नावाला नको, गणितं सोडवून.

सांख्यिकीतली एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेव. साध्या यादृच्छिक नमुन्यात, म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडावीत तशी, १०० माणसं विचारलीस तर उत्तरात साधारण १० टक्के इकडे-तिकडे होतं, ४०० विचारलीस तर ५. चूक निम्मी करायला माणसं चौपट लागतात. पण कॉलेजच्या गेटवर उभं राहून ४,००० जणांचे फॉर्म भरले तरी त्यात शेतमजूर बाई येत नाही, आणि ती चूक माणसं वाढवून कमी होत नाही.

प्रोग्रॅमिंगही थोडं शीक, पायथन पुरे. मराठी मजकुरावर काम करताना मात्र एक खोड सांभाळ. 'ऱ्हास'मधला र दोन प्रकारांनी टाइप होतो: ऱ ला हलन्त लावून, किंवा साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह देऊन. 'ॲ'चंही तसंच: एकसंध अक्षर, किंवा अ वर चंद्र. डोळ्यांना सारखंच दिसतं, संगणकाला वेगळं. शोधलंस तर निम्मे उल्लेख सापडत नाहीत आणि मोजणी चुकते. नेहमीचं युनिकोड नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं, या जोड्या एक करत नाही; बदलाचा नियम स्वतः लिहावा लागतो. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर असेल तर आधी युनिकोडमध्ये आणून डोळ्यांखालून घाल.

पुढचं थोडक्यात. एम.ए. किंवा पीएच.डी.साठी गेट (GATE) या परीक्षेत २०२१ पासून मानव्यविद्येचा पेपर आहे: १०० पैकी १५ गुण सामान्य कलचाचणीचे, २५ तर्क आणि आकलन, ६० तू निवडलेल्या विषयाचे, अर्थशास्त्र, इंग्रजी, भाषाविज्ञान, तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, समाजशास्त्र यांतून एक. तिसऱ्या वर्षापासून देता येतो. नोकऱ्या तांत्रिक लेखन, वापरकर्ता संशोधन, विज्ञान पत्रकारिता, धोरणसंस्था इथे आहेत. प्लेसमेंटच्या जाहिरातीत पात्रतेची ओळ आधी वाच, 'फक्त बी.टेक.' असेल तर त्यावर जीव जाळू नकोस.

महापूर पाहिलेल्या माणसांच्या मुलाखती दिवाळीत इथे करायच्या म्हणतेस, छान. एक तासाची ध्वनिफीत कागदावर उतरवायला चार ते सहा तास जातात, म्हणून सहा मुलाखतींच्या वर घेऊ नकोस. फोन खिशात नको, समोर ठेव, पंखा बंद करायला सांग आणि दहा सेकंद घेऊन ऐकून बघ. 'सरकारची मदत मिळाली का' असं विचारलं की हो-नाहीत संपतं. 'त्या रात्री घरातली कुठली वस्तू आधी उचलली' असं विचार आणि गप्प बस. माजघरात पुरुष बसले असतील तर बायका बोलत नाहीत, तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन बस.

विद्यापीठाच्या नैतिकता समितीची परवानगी मुलाखतींच्या आधी लागते, नंतर मागून मिळत नाही, आणि समित्यांना वेळ लागतो. अर्ज याच आठवड्यात टाक. संमतीपत्र इंग्रजीतून उतरवलेलं वाटता कामा नये. खर्डा पाठव, मी वाचून शेजारच्या काकूंनाही वाचून दाखवते. त्यांना जिथे अडेल तिथे वाक्य बदलू.

तुझी,
आई