देवीच्या वाटेवर पेव्हर ब्लॉक कुणी मागितले होते?

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

मी पुण्यात कोथरूडला राहते, माझं माहेर मुळशी खोऱ्यातलं. गावाचं नाव लिहीत नाही. ते छापून आलं की पुढच्याच रविवारी तिथे गाड्यांची रांग लागेल. गावाच्या वरच्या अंगाला वाघजाईची देवराई, म्हणजे देवीच्या नावाने राखलेलं रान, आहे. राईच्या कडेपासून देवीच्या ठाण्यापर्यंत चालत जेमतेम दहा मिनिटं. गेल्या आठवड्यात त्या वाटेवर जेसीबी फिरला.

पावसाआधी गावात बैठक झाली होती. आलेल्या अधिकाऱ्याने सगळ्यांदेखत शब्द दिला होता की राईतली एक फांदी तुटणार नाही, फक्त माहितीचा फलक लागेल. आज तिथे पेव्हर ब्लॉक आहेत, लोखंडी कठडा आहे, सोलरचे दिवे आहेत. माणसाच्या मांडीएवढी जाड गारंबीची वेल कापून ओढ्यात ढकलून दिली आहे. तिच्यावर आम्ही पोरी झोके घ्यायला गेलो की आजी ओरडायची, "उतरा गं, देवीचा झुला आहे तो."

त्या वाटेला इतकी वळणं का होती, हे कंत्राटदाराने एखाद्या म्हाताऱ्याला तरी विचारायचं. प्रत्येक वळण एकेका झाडासाठी होतं. झाडाला हात लावायचा नाही, म्हणून माणसानेच वळसा घ्यायचा. चपला राईबाहेर काढायच्या. पडलेलं वाळकं लाकूडसुद्धा चुलीला आणायचं नाही. देवळाच्या दुरुस्तीला लाकूड लागलं तर आधी देवीला कौल लावायचा, आणि तिने नाही म्हटलं तर नाही. राईत कुऱ्हाड चालवणाऱ्याच्या स्वतःच्याच पायावर घाव उमटतो, असं सांगत. दिवेलागणीनंतर आत कुणी जात नसे, कारण त्या वेळी देवीचा वाघ ठाण्यापुढे येऊन बसतो. ही अंधश्रद्धा आहे असं आपल्या खात्यातले शिकलेले लोक म्हणतील. पण त्या वाघाच्या धाकाने रात्रीचं रान जनावरांसाठी मोकळं राहत होतं. चौकीदार नव्हता, तारेचं कुंपण नव्हतं, एक रुपयाचा निधी नव्हता.

आता रात्रभर दिवे जळतात. पावसाच्या तोंडावर तिथे काजव्यांनी झाडं लखलखायची. काजवे उजेडाच्या खुणेवर जोडीदार शोधतात, दिव्यांच्या झोतात त्यांना ती खूण दिसेल कशी? कठड्यासाठी बेहड्याच्या बुंध्याशी खड्डे खणले आहेत. त्या बेहड्याच्या ढोलीत धनेश पक्षी घरटं करतो. मादी स्वतःला आत लिंपून घेते आणि नर बाहेरून चारा भरवतो. झाड गेलं तर ढोल गेली.

मंत्रिमहोदय, माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. तरी जिने चढून कार्यालयं पालथी घातली. एका ठिकाणी जमीन महसूलची म्हणाले, दुसऱ्या ठिकाणी वनाची, तिसऱ्या ठिकाणी पंचायतीचा ठराव आणायला सांगितलं. 'साहेब साइटवर आहेत' हे ऐकत बाकावर उपाशी बसले. एका टेबलावरच्या माणसाने मान वर न करता विचारलं, "तुमची किती झाडं गेली? तुमच्या मालकीची होती का?" त्या रात्री मला झोप लागली नाही. आईने ऐंशी ओलांडली आहे. ती फोनवर रडते, "लोक चपला घालून आत जातात गं." तिला मी काय सांगू? आपण सांगाल का?

देवराई म्हणजे काय हे सरकारला माहीत नाही, असंही नाही. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात याच सह्याद्रीतल्या देवराया पायी फिरून नोंदवल्या. दोघेही पुण्याचे. राज्यात अशा अडीच हजारांहून जास्त राया आहेत म्हणतात. जैवविविधता कायदा 2002 चा, त्याच्या कलम 37 खाली राज्य सरकार एखादी जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर करू शकतं. पुण्यातल्या गणेशखिंड उद्यानाला 2020 मध्ये तो दर्जा मिळालाही. राजस्थानातल्या देवरायांच्या प्रकरणात 18 डिसेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने त्या शोधून, मोजून, नोंदवून त्यांना संरक्षण द्यायला सांगितलं. मग आमच्या राईची मोजणी व्हायच्या आधी टेंडर कसं निघालं? मोजणीला माणूस मिळत नाही आणि सिमेंटला पैसा मिळतो, हा कुठला कारभार?

आणि हे एका राईपुरतं नाही. 1921 मध्ये मुळशीच्या शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यांच्यासाठी तुरुंगात गेले. तरी धरण झालं, जमिनी पाण्याखाली गेल्या. शंभर वर्षं होऊन गेली तरी आमच्या खोऱ्याला विचारून काही करायची कुणाला सवय लागली नाही. तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. आता आमची मतं घेतलेलं सरकार आहे, तरी गावाला कागद दाखवला जातो तो काम झाल्यावर. पुण्याच्या टेकड्यांचं तेच. वेताळ टेकडी वाचवायला माणसांना रस्त्यावर उतरावं लागतं. वेताळाला, वाघजाईला मतदान कार्ड नाही, म्हणून त्यांची जागा फुकटची समजायची का?

दिवे आणि कठडा काढा. पेव्हर ब्लॉक हाताने उचलून न्या, जेसीबी पुन्हा आत घालू नका. बुंध्याशी खणलेले खड्डे राईतल्याच मातीने भरा. गारंबी पुन्हा फुटेल की नाही ते जाणत्या वनस्पतितज्ज्ञाला येऊन बघू द्या. ग्रामसभा बोलवा आणि कलम 37 चा प्रस्ताव तिच्यापुढे ठेवा. ज्याने शब्द दिला होता त्याला त्या सभेत सगळ्यांसमोर उभं करा.

तोंडी आश्वासन आता नको. उत्तर लेखी पाठवा, सहीनिशी.

आपली,
मुळशीची एक माहेरवाशीण, पुणे