डंपावरची झाडं मोजून गाळ कळत नाही

संपादक महोदय,

पावसाळा जवळ आला की गोव्यातल्या डिचोली-सत्तरीतल्या खाणींबद्दल ठरलेली बातमी येते, डंपांवर, म्हणजे खाणीतून काढलेल्या मातीच्या ढिगांवर, एवढी रोपं लावली, गार्लंड ड्रेन म्हणजे ढिगांभोवतीचे चर साफ केले, यंदा शेतात माती येणार नाही. मग जुलैत कुठल्या ना कुठल्या गावचे शेतकरी लाल चिखलाचे फोटो घेऊन उभे. मला विचारायचंय ते एवढंच की डंपावरून किती माती जाईल याचा जो अंदाज कागदावर बांधतात तो पाऊस संपल्यावर कोणी पडताळून बघतं का?

असा अंदाज बांधायला जगभर वापरतात ते यूएसएलई नावाचं सूत्र विश्मायर आणि स्मिथ या अमेरिकनांचं. पावसाचा जोर, माती किती सुटी, उतार किती लांब नि किती खडा, वर झाकण काय आणि बांधबंदिस्ती काय, यांचे आकडे गुणायचे की हेक्टरी वर्षाला सरासरी किती टन माती सुटेल ते निघतं. सूत्र वाईट नाही हो, पण ते शेतजमिनीसाठी बनवलेलं, त्याचा मूळ प्लॉट ७२.६ फूट लांब आणि ९ टक्के उताराचा. आपले जुने डंप ट्रकनं वरून माती ओतून झालेत, बाजू ३५ अंशाच्या म्हटली तरी उतार ७० टक्के होतो. खुद्द अमेरिकेत १९९८ मध्ये खाणीच्या आणि सुधारलेल्या जमिनींसाठी या सूत्राच्या सुधारित आवृत्तीची वेगळी मार्गदर्शिका काढावी लागली. शिवाय सूत्र फक्त पातळ थर आणि बारीक चऱ्यांतून जाणारी माती धरतं, मोठी घळ पडली किंवा डंपाची बाजूच घसरली तर ते त्यात नाही, आणि नेमकं तेच शेतात येतं.

झाडांचं पण तसंच. अकेशिया लावला, वरून हिरवं दिसतं, फोटो चांगला येतो, पण उंच झाडावरून पडणारा थेंब परत वेग घेतो, माती धरतं ते जमिनीला चिकटलेलं गवत आणि पालापाचोळा. म्हणून रोपं किती लावली यापेक्षा ऑगस्टमध्ये डंपाची किती टक्के जमीन उघडी होती ते सांगा. आणि वीस-तीस वर्षांत कशीबशी बसलेली बाजू कमी प्रतीच्या खनिजासाठी परत उकरली की ती पुन्हा उघडी माती, आधीचा सगळा अंदाज रद्द. डंप हँडलिंगच्या, म्हणजे जुने डंप असे उकरून नेण्याच्या, चर्चेत टन आणि रॉयल्टी ऐकू येते, हे कोणी बोलत नाही.

वर्षाची सरासरी काढून शेतकऱ्याला काय करायचंय? त्याची लावणी एका रात्रीच्या पावसात गाडली जाते. खाणीच्या पर्यावरण दाखल्यात अट असते की ड्रेनच्या संपची, म्हणजे पाणी साठवून गाळ बसवायच्या टाकीची, क्षमता ५० वर्षांच्या आकडेवारीतल्या मोठ्यात मोठ्या पावसापेक्षा ५० टक्के जास्त ठेवा. ठीक आहे, पण संप गाळानं अर्धा भरला असेल तर ती क्षमता उरली कुठं? आणि आपली माती बारीक. दोन मायक्रॉनचा कण स्थिर पाण्यात दिवसाला जेमतेम ३० सेंटीमीटर खाली जातो, म्हणजे मीटरभर खोल टाकीत तीन दिवस पाणी शांत राहायला हवं, आमच्याकडे जुलैत तीन दिवस पाऊस थांबतो कधी? त्यामुळे टाकी असूनही व्हाळ (ओढा) लालच वाहतो.

मोजणं महागही नाही. डंपावर लोखंडी सळ्या रोवा आणि मे आणि ऑक्टोबरमध्ये किती उघड्या पडल्या बघा, टाक्यांची खोली त्याच वेळी मोजा, व्हाळात डंपाच्या वर आणि खाली पाण्याच्या बाटल्या भरा, जास्त करून पाऊस चालू असताना, दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर नव्हे. १० हेक्टर डंपावरून सरासरी ५ मिलिमीटर थर गेला तरी ६०० टन होतात, १० टनी ट्रक धरले तर ६०. एवढं कुठंतरी गेलेलंच असतं. हे आकडे पंचायतीच्या बोर्डावर लावायला काय हरकत आहे, निदान दाखल्याच्या अटींबद्दल खाण जो सहा महिन्यांचा रिपोर्ट देते त्यात तरी घाला.

आणि जमलं तर तुमच्या वार्ताहरानं हेही विचारावं की टाक्यांतून उपसलेला गाळ नेऊन टाकतात कुठं, कारण आमच्या बाजूला तो टाकीच्या काठावरच पडलेला असतो.

एक वाचक, डिचोली