रविवारची बैठक : चार हजार वर्षांपूर्वीची पत्रे आणि एक खूनकथा

सभासदहो,

येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता वाचनालयाच्या वरच्या दालनात मासिक बैठक आहे. पुस्तक : अगाथा ख्रिस्ती यांची ‘डेथ कम्स ॲज द एंड’. कथा प्राचीन इजिप्तमधल्या थीब्जची.

ही निवड मुद्दाम केली आहे. १९२१-२२ साली पुरातत्त्वज्ञ हर्बर्ट विनलॉक यांच्या उत्खननात थीब्जजवळच्या देर अल-बहरीच्या परिसरातील एका थडग्यात पपायरसवरची (लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावरची) पत्रे मिळाली. हेकानाख्त नावाचा कुटुंबप्रमुख घरापासून दूर आहे. शेत कसायचे कसे, कोणाला किती धान्य द्यायचे, हे तो कळवतो आणि आपल्या बाईला त्रास देणाऱ्यांना खडसावतो. एक पत्र तर घडी घालून, दोरा बांधून, वर मोहोर लावलेले तसेच सापडले. ते पोचलेच नव्हते! ख्रिस्तींनी कादंबरीतले कुटुंब याच पत्रांवरून उभे केले. पुरातत्त्व इथे नुसती सजावट नाही, म्हणून ही कादंबरी मला फार मोलाची वाटते.

कृपया लक्षात ठेवा :

- वाचनालयाच्या प्रती ज्यांच्याकडे आहेत त्यांनी गुरुवारपर्यंत परत कराव्यात. चार जण रांगेत आहेत.
- खुनी कोण, हे बैठकीआधी ग्रुपवर कोणीही लिहू नये, सूचकपणेसुद्धा नाही. वाचन अपुरे असले तरी या, पण शेवटाची चर्चा ६ नंतरच होईल.
- पत्रांच्या मराठी गोषवाऱ्याची झेरॉक्स हवी असल्यास शुक्रवारपर्यंत नाव कळवा.