बाई, त्या एका वजाबाकीसाठी तुमचे आभार

आदरणीय बाई,

बदलीची ऑर्डर आली, निरोपाच्या दिवशी सरपंच बोलले, केंद्रप्रमुख बोलले, शाल-श्रीफळ झालं. तुम्ही मनमिळाऊ आणि कर्तव्यदक्ष आहात असं सगळ्यांनी सांगितलं. ते खरंच आहे, पण तसं प्रत्येकाच्याच निरोप समारंभात सांगतात. तुम्ही आमच्या पोरांना गणित कसं शिकवलंत, यावर मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही. माझ्या मते आभार मानायचे तर आधी त्याचेच. म्हणून हे पत्र, आणि चार लोकांनी वाचावं म्हणून उघड लिहिलेलं.

माझी लेक दुसरीत तुमच्याकडे आली. त्याआधी ती तालुक्याच्या गावी एका इंग्रजी शाळेत जात होती. नाव कशाला घ्यायचं? "टू वन जा टू, टू टू जा फोर" असं पंधरापर्यंत धडाधड म्हणायची. पाहुण्यांसमोर म्हणून दाखवायची, खाऊला पैसे मिळवायची. पण "एका ब्लाउजला सहा हुक, तर चार ब्लाउजना किती?" असं मशीनवर बसल्या बसल्या विचारलं, की माझ्या तोंडाकडे बघत राहायची. सहाचा पाढा तिला येत होता. तो इथे कामाला येतो, हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं.

मी गणवेशाची मापं घ्यायला वर्गात आले होते तो दिवस तुम्हाला आठवणार नाही. तुमच्यासाठी तो रोजचाच तास. फळ्यावर 52 वजा 27 असं मांडलं होतं आणि माझ्या लेकीच्या पाटीवर उत्तर होतं 35. मला वाटलं, आता काट पडणार. तुम्ही काट मारली नाही, बरोबर-चूक काहीच म्हणाला नाहीत. "कसं काढलंस, सांग बरं," एवढंच विचारलंत. ती म्हणाली, "दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले." तिच्या परीने तिने तोडगा काढला होता! तुम्ही मान डोलावलीत आणि तिच्यापुढे काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवल्यात. दहा-दहा काड्यांचे, रबर लावलेले गठ्ठे. "यातल्या सत्तावीस मला दे."

तिने दोन गठ्ठे दिले. मग दोन सुट्या काड्या हातात धरून उभी राहिली. बराच वेळ. माझ्या ओठावर उत्तर आलं होतं. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, की मी गपचूप टेप गुंडाळायला लागले. शेवटी तीच म्हणाली, "बाई, गठ्ठा सोडू का?" तुम्ही म्हणालात, "काड्या तुझ्या, तू ठरव." तिने रबर काढलं, त्या दहातल्या सात मोजून तुमच्या हातात ठेवल्या, उरलेल्या तीन आपल्या दोनांत मिसळल्या. दोन गठ्ठे आणि पाच काड्या. पाटीवरचं 35 तिने आपल्या हाताने पुसलं.

मला वाटलं, झालं आता. पण तुम्ही वर्गाला विचारलंत, आणखी कुणी वेगळ्या रीतीने काढलंय का? किराणा दुकानदाराचा पोरगा उठला. त्याने काड्यांना हातही लावला नव्हता. "सत्तावीसला तीन दिले की तीस, मग वीस दिले की पन्नास, वर दोन. झाले पंचवीस." गल्ल्यावर बसून सुटे पैसे परत द्यायची ती रीत. तुम्ही दोन्ही रीती फळ्यावर शेजारी शेजारी लिहिल्यात, आणि उभी मांडणी अजून बरेच दिवस शिकवायची नाही असं मला जाता जाता सांगितलंत. आम्हाला शाळेत "शेजाऱ्याकडून एक उसना घ्यायचा" एवढंच सांगितलं होतं. घेतलेला एक इकडे येताना दहा कसा होतो, हे विचारायची सोय नव्हती. विचारलं की पट्टी.

पुढे एका पालकसभेत तुम्ही सांगितलंत, की 2005 पासून देशभर गावोगाव मुलांना वाचता-मोजता किती येतं याची 'असर' नावाची जी पाहणी होते, तिच्यातही मुलांना दोन अंकी, उसन्याचीच वजाबाकी घालतात. मुलं अडतात ती नेमकी तिथेच. हे ऐकल्यावर त्या तासाला तुम्ही एवढा वेळ का दिलात ते मला उमगलं.

आकड्यांच्या नावांचंही असंच. पस्तीस म्हटलं की लेक 53 लिहायची. तिची काय चूक? कानावर आधी पाच पडतो, मग तीस. एकोणचाळीसला तर 49 लिहून मोकळी, कारण चाळीस ऐकू आलं ना! 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. विधानसभेत त्यावरून कोट्या झाल्या, टीव्हीवर भांडणं झाली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या, की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांच्यात लहान मुलं अडखळतात. 2023 मध्ये त्या गेल्या. त्यांचं म्हणणं पुरतं ऐकून न घेताच पुष्कळांनी त्यांची टिंगल केली, असं माझं मत आहे. तुम्ही त्या वादात पडला नाहीत. बाजारात बोलायला एकवीस, लिहायला वीस आणि एक, असं दोन्ही चालू ठेवलंत. पुठ्ठ्याची कार्डं केलीत: 30 चं लांब कार्ड, 5 चं आखूड. 5 चं कार्ड 30 मधल्या शून्यावर बसवलं की 35. उचललं की खालचं शून्य पुन्हा दिसतं. पाचाखाली तीस झाकलेत, तीन नव्हेत, हे लेकीला त्या पुठ्ठ्याने पटवलं. तो पुठ्ठा साड्यांच्या खोक्यांचा होता, माझ्याच दुकानातून नेलेला, हे मी आमच्या गल्लीत अभिमानाने सांगते.

आता पाढ्यांविषयी. आमच्या सासऱ्यांचं तुमच्याशी पहिल्यांदा वाजलं ते यावरूनच. "पाढे पाठ नाहीत, मग कसली शाळा?" त्यांना पावकी, निमकी, सव्वाकी, दीडकी, अडीचकी सगळं तोंडपाठ. आडतीवर माल घातला की आडत्याच्या कॅल्क्युलेटरच्या आधी यांचा हिशेब तयार. दुसरं कुणी असतं तर "आजोबा, आता तो जमाना गेला" म्हणालं असतं. तुम्ही त्यांना वर्गात बोलावलंत, दीडकी म्हणायला लावलीत आणि मग पोरांना विचारलंत, "साताची दीडकी साडेदहा, असं आजोबा म्हणतात. खरं कशावरून?" पोरांनी सात आणि साताचे निम्मे साडेतीन मिळवून आजोबांना पास केलं. त्या दिवसापासून ते तुमच्या बाजूचे.

आणि पाढे तुम्ही पाठ करून घेतलेतच. फक्त आधी बांधून घेतलेत. सात आठे आठवेना? मग सात पंचे पस्तीस, सात त्रिक एकवीस, दोन्ही मिळून छप्पन्न. चौकटीच्या कागदावर सात ओळी आठ घरं रंगवायची, मधून घडी घालायची. लेक चौथीत गेली तोवर पाढे तोंडात बसले होते, आणि एखादा विसरला तरी ती घाबरत नव्हती.

पण मला सगळ्यात जास्त आवडला तो अपूर्णांकांचा तास, कारण त्या तासाची शिक्षिका मी होते. मला टेप घेऊन बोलावलंत. मुलांना विचारलंत, एक चतुर्थांश मोठा की एक अष्टमांश? निम्म्या वर्गाने अष्टमांश म्हटलं. आठ चारापेक्षा मोठे, मग झालंच की! मग एकेका गटाला टेप दिलीत आणि इंचाच्या आतल्या रेघा मोजायला लावल्यात. आठ भाग. त्यातला एक केवढा, दोन केवढे. तेवढ्यात गवंड्याचा पोरगा ओरडला, "बाई, हे तर सूत! आठ सुताचा इंच. पप्पा म्हणतात चार सुताची सळई." तुम्ही त्याला पुढे बोलावलंत. पुढच्या अर्ध्या तासात चार सूत म्हणजे अर्धा इंच, दोन सूत म्हणजे पाव, सहा सूत म्हणजे पाऊण, हे सगळं त्यानेच वर्गाला सांगितलं. फळ्यावर तुम्ही फक्त लिहीत गेलात: चार अष्टमांश, दोन चतुर्थांश, एक द्वितीयांश, सगळे एकाच रेघेवर. एरवी तो मुलगा शेवटच्या बाकावरून हलत नसे. मी इतकी वर्षं गळ्याची खोली सव्वासहा, मुंढा पावणेआठ असं कापत आले; छेद सारखे करणं वगैरे म्हणजे जे शाळेत डोक्यावरून गेलं ते हेच, हे मला त्या दिवशी तुमच्या वर्गात कळलं.

बालबाजाराचं सगळे बोलतात, म्हणून मी थोडक्यात सांगते. वाटाणा साठ रुपये किलो लावला होता. पाऊण किलोचे किती म्हणून सरपंचांनी मुद्दाम विचारलं, तर लेकीने आधी पावशेरचे पंधरा काढले आणि पंचेचाळीस घेतले. काटा तिने स्वतः धरला होता. एवढंच.

लोक म्हणतात, पहिली-दुसरीचं गणित काय, कुणीही शिकवेल. दोन शिक्षकी शाळा, एका खोलीत दोन इयत्ता, त्यात खिचडीचा हिशेब, मतदार यादीचं काम, रोज नवी ऑनलाइन माहिती. 'निपुण भारत' हे सरकारी अभियान 2021 मध्ये आलं, तिसरीपर्यंत प्रत्येक पोराला वाचता यावं आणि साधे हिशेब यावेत म्हणून. हेतू चांगलाच आहे, पण त्याचेही तक्ते भरायचे तुम्हीच. या सगळ्यातून वेळ काढून एका पोरीला दोन काड्या हातात धरून तितका वेळ उभं राहू देणं, हे कुणालाही जमणारं काम नाही. मला जमलं नसतं. मी उत्तर सांगून मोकळी झाले असते.

नवीन गुरुजी आले आहेत, तरुण आहेत. शाळा व्यवस्थापन समितीतर्फे आम्ही काड्या, कार्डं, मण्यांच्या माळा असं सगळं त्यांच्या ताब्यात दिलं. रबरं वाळून तुटायला आली होती, ती नवी आणली. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "हे कसं वापरायचं?" लेकीने आणि गवंड्याच्या पोराने त्यांना बसवून दाखवलं. तुमचा नंबर मी त्यांना दिला आहे, फोन करतील. रागावू नका.

आणि हो, तुमचं मोरपंखी ब्लाउजपीस माझ्याकडेच राहिलं होतं. शिवून तयार आहे. मापं लेकीने मांडली, कापड मी कापलं. नव्या शाळेचा पत्ता कळवा म्हणजे एसटीने पाठवते, नाहीतर जत्रेला या आणि घेऊन जा. शिलाई विचारायची नाही.

तुमची,
चौथीतल्या एका मुलीची आई